गाळलेले शब्द

३ ऑगस्ट, रविवार

आज मंडळाच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटला. चहाचे दोन कप लवंडले आणि यज्ञेश्वरच्या पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडला. वाईट वाटलं म्हणून लिहीत नाहीये, बरं वाटलं म्हणून लिहितोय.

बाबा म्हणायचे, रोज चार ओळी मराठीत लिही मंदार, नाहीतर झाशीत राहून विसरशील. रोज जमत नाही. राग आला की जमतं.

झालं असं. आमच्या मराठी मंडळाला पंचाहत्तर वर्षं होताहेत, म्हणून वाचनालयाच्या खोलीला कुणाचं तरी नाव द्यायचं ठरलं. आता यात ‘कुणाचं तरी’ कुठून आलं? वाचनालय उभं केलं बाबांनी. रेल्वेत गार्ड होते. इटारसीपर्यंत गाडी न्यायचे, तिथे भुसावळकडून आलेल्या गार्डकडून पुस्तकांनी आणि दिवाळी अंकांनी भरलेली लोखंडी पेटी घ्यायचे आणि परतताना आपल्या डब्यातून इथे आणायचे. वाचून झालेली पुस्तकं त्याच पेटीतून परत. वर्षानुवर्षं हेच. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तर लगेच ‘कुणाचं तरी’!

यज्ञेश्वर मंडळाचा सेक्रेटरी. त्याचं म्हणणं, नाव त्याच्या काकांचं द्यावं, कै. गोविंदरावांचं. गोविंदराव अध्यक्ष होते, भाषणं छान करायचे, हे मान्य. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. यज्ञेश्वरचं घराणं मराठ्यांच्या गुरसराय जहागिरीच्या काळापासून इथलं, आम्ही बदलीवर आलेले रेल्वेवाले. ते ‘गावातले’, आम्ही ‘कॉलनीतले’. पन्नास वर्षं झाली तरी आम्ही पाहुणेच.

मतदान घेतलं तर मंडळ फुटेल, असं सगळे कुजबुजायला लागले. तेव्हा मी हात आपटला आणि म्हटलं, मग मशीनला विचारा! मंडळाची वेबसाइट मी करतोय. तिच्यासाठी सभासदांनी आठवणी लिहून पाठवायच्याच आहेत. त्या सगळ्या मी एका तयार लायब्ररीतून काढतो. पुस्तकांची नव्हे, कोडची लायब्ररी. ती शब्द मोजते आणि त्यांचं चित्र बनवते. जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा, कमी वेळा आला तो बारीक. शब्दांचा ढगच म्हणा. दोघांतलं ज्याचं नाव मोठं येईल, त्याची पाटी. मशीनला गाव माहीत नाही आणि कॉलनीही माहीत नाही.

‘मंज़ूर,’ यज्ञेश्वर कुर्ता झटकत म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

५ ऑगस्ट, मंगळवार

ही लायब्ररी लिहिणाऱ्याला देवनागरी नावाची लिपी जगात आहे हे कुणी सांगितलेलंच नसावं. पहिल्यांदा चालवली तर सगळीकडे चौकोनी डबे. फॉन्ट दिला, तर अक्षरं आली पण मात्रा दिसली की शब्दाचा तुकडा पाडते. बाबांच्या ‘शशिकांत’मधलं नुसतं ‘शश’ उरलं आणि गोविंदरावांचं ‘दर’. तेवढ्यापुरती बरोबरी.

त्यात दुपारभर बिजली नव्हती. इन्व्हर्टर घोरतोय, घामाने बोटं कीबोर्डवर घसरताहेत. शेवटी शब्द तोडायचा नियम मी स्वतःच नव्याने लिहिला. आता नावं अख्खी येतात.

म्हाताऱ्या बायकांनी आठवणी हाताने लिहून दिल्यात. त्या माझी बायको आभा टाइप करतेय. ती मऊरानीपूरची, घरी बुंदेली बोलत वाढलेली, पण लग्नानंतर आईबरोबर राहून मराठी वाचायला शिकली. आज म्हणाली, ‘मम्मीजी वाला पढ़ा आपने? कितना अच्छा लिखा है.’ मी हो हो म्हटलं. शंभरावर आठवणी आल्यात, एकेक वाचत बसलो तर गणपती उठतील. वाचण्यासाठीच तर मशीन आणलंय.

१० ऑगस्ट, रविवार

आज पहिला खरा ढग निघाला. मध्यभागी हत्तीएवढं ‘होते’. त्याच्या शेजारी ‘आणि’, ‘आहे’, ‘हे’, ‘ह्यांनी’, ‘ते’, ‘मग’. सगळा भुसा. असल्या शब्दांची एक यादी द्यावी लागते, ती दिली की मशीन ते मोजतच नाही. इंग्रजीसाठी ती तयार मिळते, मराठीची मिळाली ती कामापुरतीही नव्हती. मग मीच केली. लांबलचक.

पुन्हा चालवलं, तर आता ‘भावजी’, ‘काकू’, ‘वहिनी’, ‘दादा’, ‘आई’, ‘बाबा’. मंडळ आहे की बारसं? ही नातीगोतीही यादीत टाकली. आता ढग कसा स्वच्छ दिसतो. गणपती, नाटक, वाचनालय, पुरणपोळी. नावं अजून कमी आहेत, कारण बऱ्याच आठवणी टाइप व्हायच्यात.

यादी मंडळाच्या ग्रुपवर टाकली, उगाच नंतर कुणी बोट दाखवायला नको. खाली स्वतःच लिहिलं, ‘एकदा ठरली की ठरली. आता मीसुद्धा हात लावणार नाही.’ यज्ञेश्वरने अंगठा दाखवला. त्याच्याखाली आणखी वीसएक अंगठे. यादी एकानेही उघडून पाहिली नसणार. समोर आहे ते वाचायचंच नाही, अशी ही माणसं.

१६ ऑगस्ट, शनिवार

आई जेवताना म्हणाली, ‘ह्यांना नसतं आवडलं, नावासाठी भांडलेलं.’

मी म्हटलं, त्यांना भांडता येत नव्हतं म्हणूनच तर लोक त्यांच्या डोक्यावर बसले.

‘ह्यांना भांडता येत नव्हतं?’ आई म्हणाली आणि हसायला लागली. हसण्यासारखं त्यात काय होतं, कळलं नाही. ताट सारून उठलो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय.

सगळ्या आठवणी आल्या, टाइप झाल्या. आज पूर्ण ढग काढला. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ‘गोविंदराव’. शशिकांत कुठे? मी स्क्रीनवर शोधत होतो. शेवटी खाली उजव्या कोपऱ्यात सापडले, ‘चिवडा’ आणि ‘सतरंजी’ यांच्या मध्ये. चिवड्यापेक्षा लहान.

यज्ञेश्वरला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, किती लोकांना शिकवून लिहायला लावलंस? तो शांतपणे म्हणाला, ‘मंदार भैया, सारे काग़ज़ आपके घर टाइप हुए हैं. मेरे हाथ में क्या था?’ त्याचा तो शांतपणा! फोन फेकावासा वाटला. फेकला नाही, हप्ते चालू आहेत.

सगळं तपासलं. एकच आठवण दोनदा आलीय का, एकाच्याच हातच्या चार नावांनी आल्यात का. काही नाही. मग कुणी कुणाचं नाव किती वेळा घेतलंय ते माणसागणिक काढलं. शकुंतलाकाकूंनी, ज्यांच्या घरी बाबा पुस्तकं स्वतः नेऊन द्यायचे, त्यांच्या लेखात शशिकांत शून्य. गोविंदराव सहा वेळा. कॉलनीतल्या इतर बायकाही तशाच. कृतघ्न!

आणि सगळ्यांत शेवटी भानुमती. माझी सख्खी आई. चार पानं. गोविंदराव तीन वेळा. शशिकांत शून्य.

बेचाळीस वर्षांचा संसार आणि शून्य.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी आई गणपतीसाठी वाती वळत बसली होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, हे काय आहे?

तिला वाटलं मी कौतुकाने दाखवतोय. चष्मा शोधायला लागली.

मी म्हटलं, चष्मा राहू दे, मीच सांगतो. तू मंडळावर चार पानं लिहिलीस. गोविंदरावांचं नाव त्यात तीनदा आहे आणि बाबांचं एकदाही नाही. तुलाच त्यांची आठवण नसेल तर परक्यांना काय पडलीय? मी इथे एकटा बोंबलतोय आणि घरातूनच सुरुंग! पेटीला गंज चढेपर्यंत त्यांनी ओझी वाहिली ती कुणासाठी?

आणखीही बोललो. ते इथे लिहिणार नाही.

तिची बोटं थांबली नाहीत. वात वळून झाल्यावर तिने ती तबकात ठेवली. मग एवढंच विचारलं, ‘तू वाचलंस का रे मी लिहिलेलं?’

‘वाचून काय करू? शून्य म्हणजे शून्य.’

तिने पुढची वात घेतली. हे काय उत्तर झालं? बोलण्यासारखं काही असतं तर बोलली असती.

२४ ऑगस्ट, रविवार

दोन दिवस आई माझ्याशी बोलत नाहीये. वाढते, पाणी ठेवते, आणि जाते. आभाही फुगलेली. आज दुपारी ती आईच्या हस्ताक्षरातली चार पानं घेऊन आली आणि माझ्या कीबोर्डवर आपटली.

‘पढ़िए.’

म्हटलं, काम आहे.

तेव्हा ती भडकली. भडकली की तिचं माहेर बाहेर पडतं. ‘हमाई अम्मा ने कभऊँ बाबूजी को नाम नईं लओ! ना मुँह से, ना चिट्ठी में! पूरे मऊरानीपुर में कोऊ लुगाई नईं लेत! तुमाई अम्मा कौन देस की हैं जो लेहें? इत्ते पढ़े-लिखे हो, इत्ती सी बात नईं जानत?’

मी काही बोलायच्या आत तिने पान उचललं आणि मोठ्याने वाचायला लागली. तिचे मराठी उच्चार हिंदीच्या वळणाचे आहेत. तरी मी तिला थांबवू शकलो नाही.

‘पहिली पेटी ह्यांनी आणली तेव्हा मी नवी नवरी होते. ह्यांनी सगळी नवी पुस्तकं आधी शेजारच्यांना वाटली आणि मला म्हणाले, तू घरचीच, तू मागाहून वाच. मला फार राग आला. पहाटे हे ड्यूटीवर निघाले तेव्हा मी डबा दिला, पण बोलले नाही. परत आले तेव्हा पेटीत एकच अंक होता. त्याच्यावर ह्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, आधी घरचीला.’

पुढचं मीच घेऊन वाचलं. चारही पानं. त्यात दुसरं कुणी नाहीच. ह्यांनी, ह्यांना, ह्यांचं, ह्यांच्याबरोबर. गोविंदराव तीनदा येतात ते खोलीचं कुलूप उघडायला.

मग शकुंतलाकाकूंचं काढलं. ‘भावजी पावसात पुस्तक सदऱ्याखाली धरून आले, स्वतः भिजले.’ पानभर भावजी. एकीच्या लेखात ‘मंदारचे बाबा’. बाबा मी कापले आणि मंदार तेवढा ठेवला. ढगात ‘मंदार’ बऱ्यापैकी मोठा आला होता. तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

गोविंदरावांचं लग्न झालेलं नव्हतं. ते कुणाचे ‘हे’ नव्हते आणि अध्यक्ष असल्यामुळे भावजीही नव्हते. त्यांचं नाव सगळ्या बायकांनी बिनधास्त घेतलं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून ऐकतोय, आई हाक मारायची ती ‘अहो’ म्हणून. यादी मी केली. बाबांना मी गाळलं. आईवर ओरडलो तेही मीच. आता राग कुणावर काढू? भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय आणि तेही आपलंच.

आईच्या खोलीत गेलो. झोपली होती, किंवा तसं दाखवत होती.

२५ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी बड्या बाजारात यज्ञेश्वरच्या दुकानी गेलो. तो साड्यांच्या घड्या घालत होता. सगळं सांगितलं, पानं दाखवली. म्हटलं, यादी चुकली, मला बदलू दे.

त्याने आईचं पान पूर्ण वाचलं. हळू वाचतो, ओठ हलवत. मग म्हणाला, ‘बहुत अच्छा है, भैया.’ आणि पान परत दिलं. ‘पण यादी कशी बदलणार? ग्रुपवर तुम्हीच लिहिलंत, ठरली की ठरली.’

‘अरे पण चूक आहे!’

‘बरं, काढा यादी. मग ‘ह्यांनी’ मोठं येईल. कोणाचे हे? शकुंतलाकाकूंचे हे वेगळे, माझ्या आईचे हे वेगळे. सगळ्यांचे हे एकत्र गोळा करून पाटीवर काय लिहू? ‘ह्यांचं वाचनालय’?’

तो बरोबर बोलत होता आणि त्याचाच मला जास्त संताप आला. मशीनने ‘हे’ मोजले असते, पण कुणाचे ते त्याला कधीच कळलं नसतं. ते कळायला पानं वाचावी लागतात. ‘आठवणी सगळ्यांसमोर वाचू’ असं बैठकीत म्हणायचं सोडून मी हात आपटला होता.

निघताना तो म्हणाला, ‘चाय पी के जाइए, इस बार कुर्ता रंगीन पहना है.’ प्यायलो नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

मंडळाच्या गणपतीसमोर आज निकाल होता. पडद्यावर ढग दाखवला. ‘गोविंदराव’ आले आणि गावातल्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉलनीतले गप्प. मी माइक घेतला आणि सांगून टाकलं की बायकांनी बाबांना ज्या ज्या शब्दांनी हाक मारली, ते सगळे शब्द मी कापले होते. हा निकाल माझ्या मूर्खपणाचा आहे.

मग व्हायचं तेच झालं. कॉलनीतले उठून म्हणाले, निकाल रद्द करा. गावातले म्हणाले, हरले म्हणून रडताहेत. यज्ञेश्वर ‘शांती, शांती’ करत राहिला. आरती तशीच खोळंबली. मीही ओरडत होतो, गप्प बसलो असं लिहिलं तर खोटं होईल.

आई बायकांच्या सतरंजीवर बसली होती. ती उठली. माइक घेतला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

‘गोविंदरावांचंच नाव द्या. खोली त्यांनीच मिळवून दिली.’

मी म्हटलं, ‘आई, तू खाली बस!’

‘तू बस. ह्यांचं नाव लावलंत, तर मी वाचनालयात येऊ कशी? रिक्षावाल्याला काय सांगू, कुठे सोड म्हणून?’

मग शकुंतलाकाकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्यांच्यामागून सगळी सतरंजी हसत सुटली. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. आरती सुरू झाली.

मी हसलो नाही. ती रागावली होती, हे तिथे मला एकट्यालाच कळलं असावं. ओठ घट्ट मिटले की तिचा चेहरा माझ्यासारखा दिसतो. पण माझ्यावर रागावली होती की आणखी कुणावर, ते कळलं नाही. रिक्षात मी माफी मागितली. ती रिक्षावाल्याला म्हणाली, ‘पुढे बघ, खड्डा आहे.’

१ सप्टेंबर, सोमवार

दुपारी आई स्वतःहून माझ्या टेबलाशी आली. दहा दिवसांनी. चष्मा घालूनच आली होती.

‘ते तुझं ढगाचं दाखव. माझ्या एकटीच्या पानांचं. काही गाळू नकोस.’

यादी रिकामी केली. तिची चार पानं घातली. पडदा भरून ‘ह्यांनी’. त्याला चिकटून ‘ह्यांना’, खाली ‘ह्यांचं’, वर ‘हे’. सगळीकडे तोच एक माणूस, लहानमोठ्या आकारात. म्हटलं, बघ आई, बाबा.

तिने चष्मा नीट केला.

‘असेच होते,’ म्हणाली. ‘एकटेच सगळी जागा अडवून बसायचे.’

मला वाटलं ती आता रडेल. ती पुढे वाकून काहीतरी शोधत होती. मग कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे ‘ह्यांना’च्या खाली, उभं, एक बारीक ‘मी’ होतं. मान वाकडी केल्याशिवाय वाचता येत नव्हतं.

‘ही मी का?’

‘हो.’

‘मोठं कर.’

म्हटलं, आई, ते असं हाताने करता येत नाही. जितक्या वेळा लिहिशील, तितकं मोठं होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली, माझा लॅपटॉप कोपराने बाजूला सारला आणि टेबलावर जागा केली.

‘मग कागद आण.’